न झिजणारे मोजे

झीसिस मास्तरांना जमिनीतून वर काढायचे ठरले होते, त्या शनिवारी उत्तर ग्रीसमधल्या वेर्मिओ डोंगराच्या माथ्यावर अजून बर्फ होते आणि खाली नाउसाच्या मळ्यांत पीचची झाडे गुलाबी झाली होती. ऋतूंचे आपसांत पटलेले नव्हते. फोतिस थेस्सालोनिकीहून सकाळच्या बसने येऊन उतरला, त्याने गळपट्टा सोडला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा सोडला. एवढ्याशा गोष्टीतही त्याला चटकन काही ठरवता येत नसे. आणि आज तर त्याला ठरवण्यासाठीच बोलावले होते.

तीन वर्षे झाली की गावात प्रत्येकाला वर काढतात. हाडे वाइनने धुतात, उन्हात सुकवतात, नाव लिहिलेल्या पेटीत घालून देवळामागच्या अस्थिघरात ठेवतात, आणि जागा पुढच्यासाठी मोकळी होते. यात कोणाला भय वाटत नाही. फोतिसच्या घरी मात्र हे सारे थोरल्यांनी परस्पर उरकले होते. त्याने ते कधी जवळून पाहिले नव्हते. मास्तरांच्या बाबतीत तोही बाहेरच्या बाहेर राहिला असता. पण मास्तरांच्या पत्नी एव्हान्थियाबाईंनी फोनवर सरळ म्हटले होते, “पोरा, तू ये. त्याला पेटीत ठेवायचं की आगीला द्यायचं, ते तू सांग. त्याची पुस्तकं तू वाचलीयस, मी फक्त त्यांच्यावरची धूळ पुसली.”

दार उघडताच बाईंनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, मग लगेच खाली पाहिले.

“मोजे घातलेस ना, मी विणलेले?”

त्याने पँट जरा वर केली. तपकिरी, जाडजूड, मेंढीचा वास अजून न सुटलेली लोकर.

“टोचतात?”

“नाही, बाई.”

“खोटारडा. त्यालाही टोचायचे. तोही असाच नाही म्हणायचा.”

ओट्यावर कोलिवाचे, मृतांच्या आठवणीत वाटायच्या गोड गव्हाचे, ताट तयार होते: उकडलेले गहू, बेदाणे, डाळिंबाचे दाणे, वर पिठीसाखरेचा पांढराशुभ्र थर आणि त्यावर चंदेरी गोळ्यांनी काढलेला क्रूस. बाई त्या थराची कड तळहाताने उगाच सारखी करीत होत्या. वयाने त्या सत्तरीपलीकडच्या, बांध्याने बुटक्या. गावच्या शाळेत त्यांनी मुलींच्या पिढ्यांना जीवशास्त्र शिकवले होते, आणि अजून भाजीवाल्याशी बोलतानाही समोर फळा असल्यासारखा त्यांचा एक हात वर जाई.

“एक सांगते,” त्या म्हणाल्या. “हाडं स्वच्छ निघाली तर मी समजेन, तो रागावलेला नाही. काही अर्धवट निघालं, तर…”

“ते मातीवर असतं, बाई. ओलाव्यावर. शेवटी घेतलेल्या औषधांवर.”

“हे तू मला शिकवतोस? मी तीस वर्षं शिकवलंय ते. पण सोमवार ते शुक्रवार. आज शनिवार आहे.”

रागावण्याचे कारण फोतिसला ठाऊक होते. ते ठाऊक असणारी माणसे जगात दोनच होती.

मास्तर तरुणपणी काशीला राहून आले होते. तिथे एका वृद्ध पंडितांच्या ओसरीवर बसून ते सांख्यदर्शन शिकले आणि परत येऊन थेस्सालोनिकीच्या विद्यापीठात आपले आणि त्यांचे अशी दोन्ही दर्शने शेजारी शेजारी मांडून शिकवू लागले. वर्षाच्या पहिल्या तासाला ते दोन पाव आणि एक सुरी घेऊन येत. पहिला पाव बरोबर मधोमध कापीत. “पश्चिमेकडे सुरी इथे लावतात,” ते म्हणत. “या बाजूला हातपाय, पोट, गुडघेदुखी. त्या बाजूला विचार, आठवण, दुःख, कुणावर जीव जडणं. इकडे शरीर, तिकडे मन. मग दोन तुकडे एकमेकांशी बोलतात कसे, याच काळजीत आमची इतकी शतकं गेली.” मग दुसरा पाव पुढे ओढत. सुरी वर उचलून ती पावाला न लावताच बाजूला ठेवून देत. “काशीला हा अख्खा पाव एका बाजूला. शरीर त्यात, इंद्रियं त्यात, मनही त्यात, बुद्धी त्यात, आणि ‘मी, मी’ करणाराही त्यातच. मन म्हणजे फार बारीक दळलेलं शरीरच.” कोणीतरी विचारी, मग दुसऱ्या बाजूला उरले काय? “जो बघतोय तो,” मास्तर म्हणत. “तो पावात नाही.” आणि खिशातून चीजचा तुकडा काढून दोन्ही पाव वर्गाला वाटून टाकीत.

फोतिस त्या वर्गात मागच्या बाकावर बसे. कोणाशी फारसे न बोलणाऱ्या त्या मुलाला आयुष्यात प्रथमच असे वाटले होते, की नुसते बघत राहणे हा दोष नसून कदाचित एक दर्शन असेल. त्या आशेवरच त्याने पुढे प्रबंध लिहायला घेतला. रविवारी तो नाउसाला मास्तरांच्या घरी जेवायला येऊ लागला, आणि तिथे त्याला कळले की या दर्शनाला एक घरगुती विरोधी पक्षही आहे.

“मग गारठतं कोण?” बाई विचारीत. कारण मास्तरांचे पाय बारा महिने बर्फासारखे गार असत. काशीच्या उन्हाने त्यांची सारी ऊब ओढून घेतली आणि परत दिली नाही, असे बाईंचे निदान होते.

“शरीर गारठतं.”

“आणि सकाळपासून कुरकुरतंय ते कोण?”

“मन. तेही शरीराच्याच गोतावळ्यातलं.”

“मग माझ्याशी लग्न कुणी केलं?”

यावर फोतिस ताटातल्या घेवड्याकडे बघे.

“शास्त्राप्रमाणे बोलायचं तर,” मास्तर म्हणत, “मी तिथे हजर होतो.”

“हजर होता! ऐकलंस, फोतिस? देवळात माझ्या डोक्यावर मुकुट ठेवत होते, आणि हा म्हणे नुसता बघत होता!”

मग त्या उठत, चुलीजवळ गरम करायला ठेवलेले लोकरीचे मोजे आणून त्यांच्या मांडीवर आपटत, आणि मास्तर निमूटपणे ते घालीत.

शेवटच्या शरद ऋतूत, पायांनी द्राक्षे तुडवून झाल्यावर, गुडघ्यांपर्यंत लाल झालेले मास्तर पिंपाच्या काठावर बसले होते. फोतिस आणि बाई शेजारी होते. तेव्हा ते म्हणाले होते, “मला पुरू नका. जाळा. सीमेपलीकडे बल्गेरियात नेतात लोक, तसं न्या. हे जुनं कापड आहे. फार वेळ घडी घालून ठेवू नका.” त्या वेळी देशात जाळण्याची सोयच नव्हती. फेब्रुवारीत ते गेले, तेव्हा बाईंनी कोणाला काहीच सांगितले नाही. आगीला दिलेल्यावर पाद्री प्रार्थना म्हणत नाहीत, आणि प्रार्थनेशिवाय त्यांना मास्तरांना सोडवेना. गोठलेल्या जमिनीला कुदळ लागत नव्हती, तरी त्यांना पुरले. कबरीच्या काठी फोतिसही उभा होता. त्यानेही काही सांगितले नाही. आता दक्षिणेकडे, आपल्याच देशात तशी भट्टी झाली होती, आणि वर काढलेली हाडेही ती स्वीकारीत असे.

“चल,” बाई म्हणाल्या. त्यांनी ताट त्याच्या हातांत दिले आणि कोपऱ्यातली काचेची सुरई स्वतः उचलली. “त्याच्या शेवटच्या पिंपातली वाइन आहे. आजच्यासाठी राखली होती.”

स्मशान गावाच्या वरच्या अंगाला, सुरूच्या झाडांत होते. थोमास खणकऱ्याने वरची माती आधीच काढून ठेवली होती आणि तो फावड्यावर रेलून सिगारेट ओढीत होता. शेजारची दोम्ना काळा रुमाल घट्ट बांधून, बाह्या सरसावून तयार होती. शेवटची माती हातांनीच काढायची असते, आणि गावात ते काम दोम्नाइतक्या हळुवारपणे कोणी करीत नसे. पापा-स्टेर्गिओस हा पाद्री थोडा उशिरा, धापा टाकत आला.

“अहो पापा, चढ संपला, आता श्वास घ्या,” दोम्ना खड्ड्यातून म्हणाली. “नाहीतर उद्या तुम्हालाही मलाच काढावं लागेल.”

“तू मला काढशील, इतकी वर्षं तू जगणार आहेस होय?”

“तुम्हाला काढल्याशिवाय मी जायचीच नाही.”

फोतिसला हे हसणे सुरुवातीला खटकले. मग त्याच्या ध्यानात आले की बाईंचा सुरईवरचा हात त्या हसण्याबरोबर जरासा सैल झाला होता, आणि दोम्नाला नि पाद्र्याला तेच हवे होते.

प्रार्थना झाली. दोम्ना गुडघ्यांवर बसून बोटांनी माती बाजूला सारू लागली. बराच वेळ फक्त मातीचा आवाज येत राहिला. मग ती थांबली, दोन्ही हात खाली घालून तिने काहीतरी अलगद उचलले, आणि तिचा आवाज एकाएकी माहेरवाशिणीला दारात पाहिल्यासारखा झाला.

“या, या मास्तर! आलात? या.”

बाईंनी पांढरे फडके पुढे केले. त्यांनी कवटीची माती पुसली, कपाळावर ओठ टेकले, आणि मग ती जरा दूर धरून चष्म्यातून नीट पाहिली.

“हा दात!” त्या म्हणाल्या. “किती वर्षं सांगत होते, काढून टाक, काढून टाक. बघा, अजून तसाच. हट्टी मेला.” आणि फोतिसकडे वळून, “धर. घाबरू नकोस, तुझाच मास्तर आहे.”

फोतिसने हात पुढे केले. ती हलकी होती, वाळलेल्या भोपळ्यासारखी, मधाच्या रंगाची. त्याला वाटले होते की या क्षणी मोठमोठे विचार येतील. त्याने आयुष्यातली सगळी वर्षे त्याच विचारांची तयारी करण्यात घालवली होती. पण मनात आले ते एवढेच, की संस्कृतची सारी रूपे, काशीची ती ओसरी, दोन पाव, त्याच्या प्रबंधाच्या समासात मास्तरांनी लिहिलेले ‘इथे तू घाबरला आहेस’ हे शब्द, हे सारे एके काळी या एवढ्याशा ठिकाणी दाटीवाटीने राहत होते, आणि आता तिथे वारा होता. तो कवटी छातीशी धरून उभा राहिला. बघणारा कुठे असतो, हे त्याला कोणी विचारले असते तर त्या क्षणी सांगता आले नसते.

दोम्ना एकेक हाड वर देत होती. बाई प्रत्येक हाड वाइनने धूत होत्या आणि फडक्यावर ओळीने मांडीत होत्या. फासळ्या, मणके, खांद्याची पाती. सगळी स्वच्छ, पिवळसर, जुन्या मेणासारखी. प्रत्येक हाडागणिक बाईंची पाठ थोडी ताठ होत होती. डाव्या मनगटाचे हाड वाकडे जुळलेले होते. ते त्यांनी बोटाने चाचपले.

“हे काशीचं. सायकलवरून पडला होता. तिथल्या कुठल्याशा हाडवैद्याने बसवलं. माझ्या आधीचं आहे, यावर माझा हक्क नाही.” पण तेही त्यांनी बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच वेळ धुतले.

मग दोम्नाचे हात थांबले.

“एव्हान्थिया,” ती हळूच म्हणाली, “तू जरा मागे हो.”

“का?”

“हो म्हणते ना.”

थोमासने वाकून पाहिले आणि सिगारेट विझवून छातीवर क्रूस केला. “पाय,” तो म्हणाला. “पाय तसेच आहेत. घोट्यापासून खाली विरघळलेच नाहीत.”

दोम्ना पुटपुटली, “काहीतरी राहिलंय मास्तरांचं. जायला निघालेत, पण पाऊल उचलत नाही.”

“दोम्ना, तोंड आवर,” पापा-स्टेर्गिओस म्हणाला. पण त्याचाही हात नकळत क्रूसाकडे गेला होता.

बाईंच्या हातातली वाइन फडक्यावर सांडली. ज्याची भीती त्यांनी तीन वर्षे उशाशी घेतली होती, तेच हे होते. “त्याने मला सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “जाळा म्हणून सांगितलं होतं. पापा, तुमच्यापासून मी हे लपवलं. तो जाऊ म्हणत होता, आणि मी त्याला इथे बांधून घातलं. बघा, पायच अडकले.” मग त्या फोतिसकडे वळल्या. शाळेतल्यासारखा त्यांचा हात वर गेला. “तू सांग. मी त्याचं वाईट केलं का?”

“बाई, मास्तर म्हणायचे की जे बांधलं जातं ते…”

“मास्तर काय म्हणायचे ते मला नको सांगूस! ते मी जेवताना, झोपताना, घेवडा सोलताना ऐकलंय. तुला काय वाटतं?”

सुरी कोणी कुठे लावली, हे फोतिसला तपशीलवार ठाऊक होते. ती आपण कुठे लावावी, हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलाच नव्हता. आणि त्यानेही तो स्वतःला कधी विचारला नव्हता. बाईंचा हात अजून वर होता. त्याने कवटी जपून पाद्र्याच्या हातांत दिली आणि तो खड्ड्यात उतरला.

खाली ओल होती आणि मुळांचा वास. दोम्ना बाजूला सरकली. फोतिसने स्वतःला पाहायला लावले. प्रथम त्याला फक्त पावलांचा आकार दिसला, आणि भीतीने डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा त्याला रंग दिसला. कबरीत इतरत्र सारे मातीच्या रंगाचे झाले होते. इथे मात्र गडद निळे होते, आणि वरच्या काठाला तांबडी पट्टी, दुकानातून आजच आणल्यासारखी.

“बाई,” तो म्हणाला. “मोजे आहेत.”

“काय?”

“निळे. लाल काठाचे. धागासुद्धा सुटलेला नाही. यांच्या आत हवा नाही, पाणी नाही, काहीच गेलेलं नाही.”

मग बाई खड्ड्याच्या अगदी काठाशी आल्या, वाकल्या आणि चष्मा सावरून पाहू लागल्या.

“म्युनिकचे,” त्या म्हणाल्या. “माझ्या बहिणीने म्युनिकहून पाठवले होते. वेष्टनावर लिहिलं होतं, कधीच न झिजणारे.” त्यांचा आवाज कुठे जावे ते न कळून मधेच थांबला. “त्याला आवडत नव्हते. पाय घामेजतात म्हणायचा. पण त्या दिवशी इतकी थंडी होती. लोकरीचे सगळे विरलेले, भोकं पडलेली. त्याला भोकाच्या मोज्यांनी कसं पाठवायचं? म्हटलं, चांगले नवे घालू. एकावर एक दोन जोड घातले मी.”

“दोन जोड?” थोमास म्हणाला.

“नायलॉनचे! तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं मी! कुजणे म्हणजे काय, आकृती काढून दाखवा, पाच गुण!”

आणि त्या हसू लागल्या. ते हसणे इतके मोठे होते की सुरूच्या झाडातली पाखरे उडाली. दोम्नाला आधी काय करावे कळेना, मग तीही डोक्यावरच्या रुमालाचे टोक तोंडाशी धरून हसली. बाईंच्या डोळ्यांतले पाणी नाकावरून खाली आले, ते त्यांनी पुसले नाही. फोतिस खड्ड्यात उभा राहून वर पाहत होता. इतक्या प्रेमाने केलेली इतकी पक्की चूक त्याने कुठल्याही ग्रंथात वाचली नव्हती.

“हे पाय पेटीत जायचे नाहीत,” थोमास थोड्या वेळाने व्यवहाराचे बोलला. “परत पुरायला लागतील. दोनेक वर्षं. नाहीतर ती भट्टी. भट्टीला काय, सगळं चालतं.”

बाई शांत झाल्या होत्या. “फोतिस,” त्या म्हणाल्या, “आता सांग. त्याला आग हवी होती. आज देऊ?”

या वेळी फोतिसला शोधावे लागले नाही. जे होते ते जिभेवरच होते आणि ते फार लहान होते. त्याला त्याची लाज वाटली, तरी तो बोलला.

“मास्तरांना आग हवी होती, हे खरं. ती त्यांना मिळायला हवी. पण आज… मला ठाऊक आहे बाई, हे म्हणणं कुठल्याच दर्शनात बसत नाही. मला वाटतंय, त्यांचे पाय गारठतील.”



“मलाही तेच वाटतंय,” त्या म्हणाल्या. “तीन वर्षं तेच वाटतंय.” मग त्या सरळ उभ्या राहिल्या, आणि वर्गात शेवटची घंटा होण्याआधी बोलत तशा बोलल्या. “ऐका. अर्धा इथे, अर्धा तिथे असं मी होऊ देणार नाही. सगळा एकत्र परत ठेवायचा. दोन वर्षांनी पाय सुटले की फोतिस त्याला घेऊन जाईल, त्या आगीकडे. कागदावर मी सही करीन. ही दोन वर्षं माझी, पुढचं सगळं त्याचं.”

पापा-स्टेर्गिओसने कवटीकडे पाहत दाढी कुरवाळली. “एव्हान्थिया, मेलेल्यांनी पुन्हा उठायच्या दिवशी देह लागतो, हे तुला ठाऊक आहे. आगीपाशी मला येता येणार नाही.”

“ठाऊक आहे, पापा.”

“येता येणार नाही,” तो पुन्हा म्हणाला. “बाहेर, फाटकाशी उभा राहायला मात्र कोणाची मनाई नसावी.”

दोम्नाने कात्रीने मोजे कापले; ते करताना तिने सगळ्यांना तोंड फिरवायला लावले. नंतर बाई म्हणाल्या, “मी उतरते.” त्यांच्या गुडघ्यांना ते झेपण्यासारखे नव्हते. थोमासने वरून धरले, फोतिसने खालून, आणि पाद्र्याने नुसत्याच सूचना दिल्या. खाली पोचल्यावर त्यांनी सुरईत उरलेली वाइन त्या पावलांवर ओतली. “यांनीच तुडवली होती ही,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग फडक्याने ती टिपून त्यांनी विचारले, “आता अनवाणी ठेवायचा?”



फोतिस खड्ड्याच्या भिंतीला टेकला. त्याने एक बूट काढला, मग दुसरा. ओल्या मातीवर उभे राहताच त्याच्या तळव्यांतून थंडी सरळ मणक्यापर्यंत गेली. त्याने तपकिरी मोजे काढले, झटकले, आणि उलटे झालेले बोटांनी सुलटे केले.

“मेंढीची लोकर आहे,” तो म्हणाला. “ही विरते.”

बाईंनी मोजे घेतले. ते अजून गरम होते. त्यांनी ते गालाला लावून पाहिले, आणि मग आजारी माणसाला घालावेत तसे, टाचेची शिवण जागेवर येईपर्यंत, एकेक करून चढवले.

“टोचतील तुला,” त्या त्या पावलांना म्हणाल्या. “टोचू देत. कुरकुर नको.” नंतर त्यांनी मान वर केली, आणि सुरूच्या शेंड्यापलीकडे, कोणीच नव्हते अशा दिशेला ओरडल्या, “आणि तू काय, बघतोयस ना? बघ, बघ. लग्नातही तेवढंच केलंस.”

धुतलेली हाडे फडक्यात बांधून पुन्हा खाली ठेवली. कवटी सर्वांत शेवटी, बाईंच्या हातून. थोमासने माती लोटली. फाटकाशी कोलिवा वाटला गेला. कागदी द्रोणातून गोड गहू खाताना प्रत्येकजण बाईंचा हात हातात घेऊन रिवाजाप्रमाणे म्हणत होता, जगा, आणि त्याची आठवण ठेवा. पाद्र्याने दुसरा द्रोण मागून घेतला.

परतताना उतारावर बर्फाचे पाणी वाहत होते. फोतिसच्या बुटांत ते शिरले. उघड्या पायांना चामडे घासत होते. तो लंगडतो आहे हे लपवण्याचा त्याने प्रयत्न केला, पण बाईंनी ते पहिल्याच वळणावर पाहिले होते.

“न्यूमोनिया होऊन मरशील,” त्या म्हणाल्या. “आणि मग तुला काढायला कोण येईल? दोम्ना? ती आधी पाद्र्याला काढणार आहे.”

घरी त्यांनी त्याला चुलीसमोर बसवले, घमेल्यात कढत पाणी ओतले आणि त्याचे पाय त्यात बुडवले. पाय हळूहळू लाल झाले, आणि मग त्यांच्यात झिणझिण्या येऊन ते पुन्हा त्याचे झाले. हे आत कोणाला कळते आहे, याचा विचार करायला त्याने सुरुवात केली. मग तो विचार तसाच अर्धा सोडून दिला.

बाईंनी कपाट उघडून लोकरीचा गुंडा काढला. सुया काखेत धरून त्या खाली वाकल्या आणि घमेल्यातून त्याचा एक पाय बाहेर घेऊन त्यांनी टाचेपासून अंगठ्यापर्यंत वीत टाकून मापले.

“त्याच्यापेक्षा लांब आहे,” त्या म्हणाल्या. “जास्त लोकर लागणार.”

पहिले टाके सुईवर चढले.

“हेही टोचतील.”

“हो,” फोतिस म्हणाला. “टोचतात.”